डॉक्टर मॅडम, तो तुम्हाला आवाजावरून ओळखेल

आदरणीय डॉक्टर मॅडम,

त्या पहाटेला दीड महिना झाला, तरी रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकला की अजून माझे हात गार पडतात. पत्र लिहायला दोनदा बसले, दोनदा उठले. आज लिहूनच टाकते.

धाकटा भाऊ जमिनीवर चटई टाकून झोपला होता. पहाटे पोटात कळा, उलट्या. पहिल्या दवाखान्यात ॲसिडिटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवलं. तासाभरात त्याच्या पापण्या मिटायला लागल्या, जीभ जड झाली. तालुक्याच्या मोठ्या रुग्णालयात नेलं, तर गाडीतून उतरवूही दिलं नाही. "पुढे न्या." पुढे म्हणजे कुठे, ते कुणी सांगितलं नाही. निदान ऑक्सिजन लावला असता, तरी आज मी त्यांच्याविषयी वाईट बोलले नसते.

तुम्हाला आरोग्य केंद्रात रुजू होऊन तीनच आठवडे झाले होते, हे नंतर कळलं. तुम्ही पापण्या पाहिल्या, रात्री कुठे झोपला होता ते विचारलंत आणि म्हणालात, "मण्यार असणार." अंगावर खूण नाही, सूज नाही. मण्यारीचा दंश झोपेत कळतही नाही, हे आम्ही तुमच्याकडूनच ऐकलं. मग सरळ सांगितलंत, "ही सापाच्या विषावरची लस मी आजवर कुणाला दिलेली नाही. रिॲक्शन येऊ शकते. पण वाट बघितली तर श्वास थांबेल." सिस्टरना ॲड्रेनलिन भरून ठेवायला लावलंत आणि 10 कुप्या सलाईनमधून सुरू केल्यात. तुमचे हात थरथरत होते, मी पाहिलं. तरी ते थांबले नाहीत.

याच रायगडात, बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात, तरुण डॉक्टर हिंमतराव बावस्कर विंचूदंशाच्या रोग्यांच्या उशाशी बसत. तेव्हा त्यांच्याही हाती खात्रीचा उपाय नव्हता; प्राझोसिन हे औषध नंतर आलं. आधी माणूस रोग्यापाशी बसला. तुम्हाला पाहून मला तेच आठवलं.

108 आली, तुम्ही हाताने श्वास देणारी पिशवी, अँब्यू बॅग, दाबत स्वतः गाडीत चढलात. तो निपचित पडलेला, डोळे मिटलेले. आई "गेला माझा बाळ" म्हणत ऊर बडवत होती. तुम्ही त्याच्या कानाशी वाकलात. "तुला सगळं ऐकू येतंय, मला माहितीये. हे विषामुळे होतंय, उतरेल. आता मी पिशवी दाबतेय. आता घाट लागला. आता वळण आलं." मग आईला म्हणालात, "मावशी, तो ऐकतोय. बोला त्याच्याशी." आई रडायची थांबली आणि गाय कधी विणार, ते त्याला सांगत बसली.

इतकी वर्षं दवाखाने पाहिले, पण रोग्याला माणूस समजून त्याच्याशी बोलणारं कुणी क्वचितच भेटलं.

पाच दिवस तो व्हेंटिलेटरवर होता. नळी निघाल्यावर घोगऱ्या आवाजात पहिला प्रश्न, "घाट सांगणाऱ्या मॅडम कुठायत?" त्याने सगळं ऐकलं होतं, आईचा आक्रोशसुद्धा. म्हणाला, "आपण मेलोच असं वाटत होतं, तेवढ्यात त्या बोलल्या."

आता तो पलंगावर झोपतो. मच्छरदाणी मीच खोचते.

गणपतीत घरी या. त्याने तुमचा चेहरा अजून पाहिलेला नाही. दारातून आधी हाक मारा.

तुमची,
धाकट्याची ताई