विषय : बी-४०४ मधील फवारणी व जिन्याखालची बाटली (चौथे पत्र)

प्रति,
मा. अध्यक्ष,
गृहनिर्माण संस्था

महोदय,

याच विषयावरची माझी आधीची तीन पत्रे ऑफिसच्या फाईलमध्ये आहेत. पहिल्यावर सचिवांची सही आणि शिक्का आहे, दुसऱ्यावर नुसती सही, तिसरे वॉचमनने घेतले. यावरून प्रकरण कुठल्या दिशेला चालले आहे ते कळते. हे पत्र मी स्वतः तुमच्या हातात देणार आहे.

थोडक्यात सांगतो. माझ्या डोक्यावरच्या घरातले, म्हणजे बी-४०४ चे सभासद, दर रविवारी सकाळी साडेसातला गॅलरीतल्या कुंड्यांवर फवारणी करतात. झाडांबद्दल माझी तक्रार नाही. गुलाब सुंदर आहेत, हे मी त्यांना तोंडावर सांगितले आहे. पण फवारा गुलाबावर थांबत नाही. तो कठड्यावरून ओघळतो आणि माझ्या दोरीवर येतो. रविवारी सकाळी आमच्या दोरीवर आठवड्याचे कपडे असतात. गेल्या महिन्यात नातीच्या शाळेच्या गणवेशाच्या कॉलरवर पांढरट ठिपके वाळलेले दिसले. नखाने खरवडले तर तेलकट लागले. त्या दिवशी कपडे काढून घड्या घातल्यावर दोन तासांत माझ्या पत्नीच्या गालावर आणि कपाळावर मुंग्या येऊन आग व्हायला लागली. पुरळ नाही, लाली नाही. कोमट पाण्याने तोंड धुतले तर आग वाढली, दुसऱ्या दिवशी आपोआप गेली. पायरेथ्रॉइड जातीची कीटकनाशके कातडीला लागली की नेमके असेच होते. हे त्याच फवारणीमुळे झाले असे मी कोर्टात सिद्ध करू शकणार नाही, आणि मी मुद्दाम तसे म्हणतही नाही. मी समजूतदार माणूस आहे.

मी वर जाऊन विचारले. उत्तर आले, ‘‘काका, साधं औषध आहे हो, वाससुद्धा येत नाही.’’

या एका वाक्यात दोन चुका आहेत. माझी नोकरी प्रयोगशाळेत गेली, त्यामुळे दोन्हींबद्दल लिहितो. तुम्ही वाचाल की नाही हा तुमचा प्रश्न.

पहिली चूक ‘औषध’ या शब्दाची. आपल्याकडे फवारायच्या विषालाही औषधच म्हणतात. आणि कोणी ‘औषध प्यायला’ असे पेपरात छापून आले की त्याचा अर्थ काय, तेही आपल्याला न सांगता कळते. दुसरी चूक वासाची. वास बहुतेक वेळा विष ज्यात विरघळवलेले असते त्या द्रावकाचा असतो. तो उडून गेला तरी विष जागेवर राहते. उन्हा-पावसात ते लवकर विघटित होते. घरात, कपाटात, गादीखाली मात्र ते बरेच दिवस टिकते, कारण तिथे ना ऊन पोचते ना पाऊस.

औषध साधे आहे की कसे, हे डब्यावर लिहिलेले असते. आपल्याकडे कायद्याने प्रत्येक कीटकनाशकाच्या लेबलवर तिरका चौकोन छापावा लागतो. त्याचा खालचा अर्धा भाग लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा असतो. लाल म्हणजे अत्यंत जहाल. तोंडावाटे दिल्यावर प्रयोगातले निम्मे प्राणी दगावतात ती मात्रा तिथे प्राण्याच्या वजनाच्या किलोमागे ५० मिलिग्रॅमपर्यंतच असते. पिवळ्यात ती ५१ ते ५००, निळ्यात ५०१ ते ५०००, आणि त्याच्या पुढे हिरवा. बी-४०४ च्या कचऱ्याच्या पिशवीतून डबा अर्धा बाहेर डोकावत होता (पिशवी मी उघडलेली नाही, ही नोंद असावी). त्यावर सायपरमेथ्रिन, २५ टक्के, असे छापले होते आणि चौकोन पिवळा होता. सायपरमेथ्रिन त्याच पायरेथ्रॉइड जातीचे. हे शेतावर मारायचे दाट द्रावण आहे. मोजून, भरपूर पाण्यात मिसळून, हातमोजे घालून वापरायचे. आपले सभासद ते झाकणाने अंदाजे ओततात आणि अंगात नुसती गंजी घालून फवारतात.

पण विष किती जहाल, हा निम्माच प्रश्न झाला. उरलेला निम्मा, ते अंगापर्यंत पोचते किती. कपाटात कुलूपबंद ठेवलेला लाल चौकोनाचा डबा मला काही करत नाही. दोरीवर ठिबकणारा पिवळा करतो. माणसाला वाटते विष पोटातूनच जाते. फवारणी करणाऱ्यांच्या शरीरात ते सर्वांत जास्त कातडीतून जाते, आणि सगळी कातडी सारखी नसते. पॅराथिऑन या कीटकनाशकावर झालेल्या जुन्या प्रयोगांत कोपराखालच्या हातापेक्षा कपाळातून चौपट आणि जांघेच्या आसपासच्या नाजूक भागातून जवळजवळ बारापट शोषण आढळले होते. आमच्या दोरीवर रुमालही वाळतात आणि इतर कपडेही. नोटीस बोर्डावर लागू शकेल अशा पत्रात याहून जास्त खुलासा करत नाही.

आता बाटली. मला खरी भीती तिची आहे.

बी विंगच्या जिन्याखाली, मीटरच्या पेटीशेजारी, थंड पेयाची एक लिटरची बाटली दोन महिन्यांपासून उभी आहे. कागद सोललेला, आत तीन बोटे पिवळसर द्रव. तिच्या तोंडाशी चिकटलेल्या थेंबावर मी पाणी टाकून पाहिले. क्षणात दुधासारखे पांढरे झाले. असे दाट द्रावण पाण्यात पडले की तसेच होते. त्या जिन्यात संध्याकाळी सात-आठ मुले लपाछपी खेळतात. तहानलेल्या मुलाला थंड पेयाची बाटली काय वाटेल ते मी सांगायला नको. शिवाय या द्रावणात नुसते कीटकनाशक नसते, रॉकेलच्या जातीचे द्रावकही असते. म्हणून कोणी ते प्यायले तर बोटे घालून उलटी करवायची नाही, द्रावक फुप्फुसात उतरते. मूळ डबा घेऊन थेट दवाखाना गाठायचा. पण मूळ डबा तर कचऱ्यात गेला! डॉक्टरांना दाखवणार काय? हे कोणते विष, यावर उपचार ठरतात. ऑरगॅनोफॉस्फेट जातीचे असेल तर ॲट्रोपिन हा उतारा देतात, पायरेथ्रॉइडला असा नेमका उतारा नाही.

तिसऱ्या पत्रानंतर कमिटीने काय केले? सचिव वर जाऊन चहा पिऊन आले आणि मला म्हणाले, ‘‘जरा समजून घ्या.’’ मी समजूनच घेतो आहे. त्यांच्या मुलाची स्कूटर माझ्या जागेत लागते, तेव्हाही समजून घेतले. दोन वर्षांपूर्वी ए विंगमध्ये ढेकणांसाठी कोणी धान्यातल्या गोळ्या गादीखाली ठेवल्या होत्या, तेव्हाही पत्र मीच दिले होते. हवेतल्या ओलाव्याने त्या गोळ्यांतून फॉस्फिन वायू सुटतो. तो हवेहून जड असतो, फटीतून शेजारच्या घरात जातो आणि झोपलेल्या माणसाचा जीव घेतो. इतिवृत्तात त्याची नोंद ‘कीटकांबाबत चर्चा झाली’ अशी आहे. आणि संस्थेची स्वतःची पेस्ट कंट्रोलची फेरी? बोर्डावर सूचना सकाळी दहाला, माणूस सव्वादहाला हजर. कोणते रसायन, घरात परत कधी यायचे, काहीही लिहिलेले नाही. तान्ह्या मुलांची घरे आहेत विंगमध्ये. ती जमिनीवर रांगतात, हात तोंडात घालतात, आणि वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा जास्त हवा ओढतात.

उपविधीत स्पष्ट आहे की सभासदाने आपल्या गाळ्यात इतरांना उपद्रव होईल असे काही करू नये. गॅलरीत कुंड्या ठेवण्याबद्दलही काही आहे, पण तो मुद्दा मी आत्ता काढत नाही, कारण तुळस आमच्याकडेही आहे. बी विंगमधल्या सहा घरांचे म्हणणे माझ्यासारखेच आहे. लेखी कोणी देत नाही, तो भाग वेगळा.

माझी मागणी मोठी नाही. बाटली उद्याच्या उद्या तिथून हलवावी. ती मोरीत किंवा गटारात ओतायची नाही. सायपरमेथ्रिन माशांना अतिशय घातक असते. ज्याची बाटली त्याने ती कुलपात ठेवावी आणि विल्हेवाट कशी लावायची ते विक्रेत्याला विचारावे. गुलाबावरच्या माव्याला पाण्याची जोराची धार आणि सौम्य साबणाचे पाणी पुष्कळ होते. तेवढ्याने भागले नाही आणि फवारायचेच असेल, तर कुंड्या गच्चीवर न्याव्यात, वारा नसताना, आणि आदल्या दिवशी मला सांगून. पेस्ट कंट्रोलची सूचना ४८ तास आधी, रसायनाच्या नावासह. झुरळांसाठी सगळीकडे फवारा कशाला, फटीत जेलचे ठिपके लावले तरी काम होते. आणि हे पत्र पुढच्या सभेत पूर्ण वाचून दाखवावे, सारांश नको.

पोच द्यावी, ही विनंती.

आपला,
सभासद, बी-३०४

ता. क. : पत्र पूर्ण करून खाली उतरलो तर जिन्याखाली बाटली नव्हती. वर विचारले, त्यांनी हलवलेली नाही. झाडूवाल्या बाईंनाही माहीत नाही. तेव्हा पहिली मागणी बदलून अशी वाचावी : ती बाटली शोधावी.