मॉक ड्रिल सकाळी अकरालाच का?

माननीय संपादक,

रुग्णालयांतले मॉक ड्रिल, म्हणजे एकदम खूप जखमी आले तर काय करायचे याचा सराव, बहुधा सकाळी अकराला, आदल्या दिवशी परिपत्रक काढून होते. 11 जुलै 2006 रोजी मुंबईच्या लोकलमध्ये 11 मिनिटांत 7 स्फोट झाले, ते संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास. सराव रात्रपाळीत, न सांगता घ्या. मग कळते, ऑपरेटरच्या यादीतले कितीतरी फोन नंबर जुने आहेत.

मोठ्या दुर्घटनेच्या वेळी चालते-फिरते जखमी रिक्षा-टॅक्सीने आधी पोहोचतात आणि कॅज्युअल्टीतल्या खाटा अडवतात. गंभीर रुग्ण मागून येतात. म्हणून कोण किती गंभीर याची वर्गवारी दारातच हवी, एका रुग्णाला फार तर एक मिनिट. चालू शकतो त्याला हिरवे कार्ड देऊन ओपीडीच्या हॉलमध्ये पाठवा. श्वास मिनिटाला 30 पेक्षा जास्त, मनगटाची नाडी लागत नाही किंवा साधी सूचना पाळता येत नाही, यांतले एक जरी असले तरी लाल, म्हणजे उपचार लगेच. उरलेले पिवळे, ते थोडे थांबू शकतात. श्वासमार्ग मोकळा करूनही श्वास नसेल तर काळे, म्हणजे वाचण्याची आशा नाही. नवशिके डॉक्टर नेमके इथेच अडकतात, छाती दाबत बसतात आणि मागे लाल कार्डवाले खोळंबतात.

कार्ड मनगटाला बांधा. कपड्यांना अडकवलेले कार्ड कपडे कापताच कचऱ्यात जाते. तोच क्रमांक रक्ताच्या नळीवरही हवा, नाहीतर चार ‘अनोळखी पुरुष’ एकदम क्रॉसमॅचला (रक्त जुळते का ते तपासायला) जातात. वॉर्डबॉय आणि मावशींना सरावातून वगळतात, हे तर अनाकलनीय! स्ट्रेचर तेच ओढतात.

– आपत्कालीन विभागातील परिचारिका, ठाणे