बंड्यास, डेटाबेस गेला त्याबद्दल

प्रिय बंड्या,

इथे हे कुणाला सांगून उपयोग नाही, म्हणून तुला लिहितोय. पगाराच्या आदल्या रात्री डेटाबेसचं व्हीएम, म्हणजे त्याचं आभासी मशीन, गेलं. आतला लॉग मध्येच तुटलेला, चूक म्हणून एक अक्षर नाही. डीबीए, म्हणजे डेटाबेस सांभाळणारी मंडळी, सकाळभर आतच शोधत बसली. मी होस्टवर, म्हणजे ही व्हीएम ज्या खऱ्या मशीनवर चालतात तिथे, डीमेसेज (कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या नोंदी) पाहिलं: आउट ऑफ मेमरी, आणि मारलेली प्रोसेस क्यूएमू, म्हणजे व्हीएम चालवणारा प्रोग्रॅम. पुढचं तुला सांगायला नको: होस्टची मेमरी संपली आणि कर्नलने अख्खं व्हीएमच मारलं.

होस्टवर मेमरी 256 जीबी, व्हीएमना वाटलेली 380. डेटाबेस आपले 64 जीबी घेऊन इमानाने राबत होता, म्हणून सगळ्यांत मोठा दिसला, आणि कर्नल मारताना मोठ्यालाच धरतं. मेमरी खाल्ली टेस्टच्या मशीननी! दिवसभर तिथे चिटपाखरू नसतं. रात्री मात्र त्यांच्या आत बॅकअप चालतो, अख्खी डिस्क वाचली जाते, पेज कॅश (डिस्कवरून वाचलेलं मेमरीत धरून ठेवायची जागा) फुगते. एकदा हात लागलेलं पान, म्हणजे मेमरीचा तुकडा, गेस्ट (होस्टवरचं व्हीएम) आपणहून परत देत नाही. 2020 पासून मोकळी पानं होस्टला कळवायची सोय आहे खरी, पण कॅशमधलं पान मोकळं धरतच नाहीत.

तू म्हणायचास, बलून आहे ना (गेस्टच्या आत फुगून त्याची मेमरी होस्टला परत देणारा ड्रायव्हर), घेईल काढून. अरे, व्हीएम सांभाळणाऱ्या लिबव्हर्टवर बलून कुणीतरी फुगवावा लागतो! यावरूनच तू टेबल आपटलंस आणि चहा बापटांच्या कीबोर्डवर गेला. नव्या पोरांना ते अजून तो डाग दाखवतात, खाली तुझं नाव सांगून. आणि व्हीएमवेअरच्या वाल्डस्पर्गरने 2002 मध्ये त्यांच्या ईएसएक्ससाठी (व्हीएम चालवणाऱ्या प्रणालीसाठी) मांडलेला रिकाम्या मेमरीवरचा कर तुला जुलूम वाटायचा. 75 टक्के कर, म्हणजे पडून असलेलं पान वापरातल्या पानाच्या चौपट महाग. इथे तो असता तर आधी टेस्टवाल्यांकडून वसुली झाली असती.

साहेबांचा तोडगा ऐक: डेटाबेसचा ओओएम स्कोअर (मेमरी संपली की कुणाला मारायचं ते ठरवणारा आकडा) उणे 1000 करा, कर्नल त्याला हात लावणार नाही. म्हणजे पुढच्या वेळी मेल सर्व्हर मरेल. मेमरी तेवढीच, दावेदार तेवढेच! मी म्हणतोय, डेटाबेसचे 64 जीबी ह्यूजपेजेसमध्ये, म्हणजे आधीच बाजूला काढलेल्या मोठ्या पानांत, राखून ठेवा आणि टेस्टची मशीन 32 जीबीवरून 8 वर आणा. टेस्टवाले एक जीबी सोडायला तयार नाहीत, आणि रॅमचं नाव काढलं की अकाउंट्सवाले भाव दाखवतात. पगार दुसऱ्या दिवशी संध्याकाळी झाले. कंत्राटी लोकांचे कर्जाचे हप्ते सकाळीच कापायला आले होते, खात्यात पैसे नाहीत म्हणून त्यांना दंड बसला. तो कोण भरणार, यावर कुणी बोलत नाही. माझी झोप त्याने उडाली आहे.

आईचा गुडघा बरा, माझी शुगर ताब्यात. फ्लॅटचा ताबा मिळाला का? चिनूची दहावी यंदाच ना? वहिनींना नमस्कार.

मंगळवारी मीटिंग आहे. तू तिकडे गेस्टची मेमरी उतरवलीस, तेव्हा लोकांपुढे कुठले आकडे ठेवलेस? सोमवारपर्यंत कळव. रात्री उशिरा फोन केलास तरी चालेल.

तुझा,
सुध्या