कॅमेरा दिसेना, स्टोअर उघडेना: वॉरंटीतली दुरुस्ती नाकारल्याबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहकसेवा विभाग

विषय: लॅपटॉपचा इनबिल्ट कॅमेरा व ॲप स्टोअर बंद पडल्याबाबत, आणि ‘सॉफ्टवेअर करप्ट’ असा शेरा मारून वॉरंटी नाकारल्याबाबत

संदर्भ: सोबत जोडलेले बिल, वॉरंटी कार्ड आणि सर्व्हिस सेंटरची जॉबशीट

महोदय/महोदया,

सोबतच्या बिलावरील लॅपटॉप विंडोज ११ सह घेतलेला असून तो वॉरंटीत आहे. त्याचा कॅमेरा मधूनमधून नाहीसा होतो आणि मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडत नाही. आपल्या अधिकृत सर्व्हिस सेंटरने जॉबशीटवर ‘ओएस करप्ट, रिइन्स्टॉल करावे, सशुल्क’ (म्हणजे विंडोज बिघडले आहे, ते पैसे भरून पुन्हा टाकून घ्यावे) एवढेच लिहून लॅपटॉप परत केला. दोन गोष्टी एकाच वेळी बिघडल्या म्हणजे मूळ एकच आणि ते विंडोजमध्येच, असा हा तर्क दिसतो. तो चुकीचा आहे. दोन्ही दोष हार्डवेअरचे आहेत, त्यांची कारणे वेगवेगळी आहेत आणि दोन्ही वॉरंटीत बसतात. हे कशावरून, ते खाली लिहितो. आपल्या तंत्रज्ञाने हेच प्रयोग करून पाहावेत.

आधी कॅमेरा. कॅमेरा ॲप उघडले की ‘०एक्सए००एफ४२४४’ हा कोड येतो, म्हणजे विंडोजला कॅमेराच सापडत नाही. सर्व्हिस सेंटरने यावर प्रायव्हसी सेटिंग तपासायला सांगितले. ते चालू आहे: ‘सेटिंग्ज’मधील ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’खाली ‘कॅमेरा’ या पानावर तिन्ही परवानग्या दिलेल्या आहेत, डेस्कटॉप ॲप्सचीसुद्धा. पण मुद्दा तो नाहीच. प्रायव्हसी सेटिंग, अँटिव्हायरसची अडवणूक किंवा दुसऱ्या ॲपने धरून ठेवलेला कॅमेरा, यांपैकी काहीही असले तरी डिव्हाइस मॅनेजरच्या, म्हणजे जोडलेली उपकरणे दाखवणाऱ्या विंडोजच्या साधनाच्या, यादीत कॅमेरा राहतोच. फक्त चित्र मिळत नाही. इथे यादीतली नोंदच जाते. ‘व्ह्यू’ मेनूतून ‘शो हिडन डिव्हायसेस’ निवडले की ती फिकट रंगात दिसते आणि तिच्या गुणधर्मांत कोड ४५ असतो: हे उपकरण सध्या संगणकाला जोडलेले नाही. कधी तिच्याऐवजी ‘अननोन यूएसबी डिव्हाइस’ येते, कोड ४३ सह. बायॉसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या, मदरबोर्डवरच्या मूळ प्रणालीत) कॅमेरा सुरू आहे, आणि लेन्सवरची सरकपट्टीही उघडी आहे. पट्टी बंद असती तर कॅमेऱ्याचा दिवा लागून काळे चित्र आले असते.

आता खरी खूण. झाकण साधारण ९० अंशांपर्यंत उघडे असताना कॅमेरा चालतो. ११० अंशांच्या पुढे नेले की तो यादीतून गळतो आणि झाकण हळूहळू परत पुढे आणले की पुन्हा हजर होतो. वरच्या कडेतला माइकही त्याच क्षणी गप्प होतो. लॅपटॉपचा कॅमेरा आतून यूएसबीनेच जोडलेला असतो. त्याच्या बारीक तारा, बहुतेक वेळा माइकच्या तारांसह, स्क्रीनच्या केबलबरोबर बिजागरीतून मदरबोर्डपर्यंत जातात. झाकण उघडताना-मिटताना त्या दर वेळी वाकतात. तार आतून तुटत आली, किंवा कनेक्टर सॉकेटमध्ये नीट बसलेला नसला, की नेमके असेच होते. झाकणाच्या कोनावर अवलंबून असलेला ड्रायव्हर (उपकरण चालवणारे सॉफ्टवेअर) अजून कोणी लिहिलेला नाही.

तरीही ‘विंडोज करप्ट’ हेच म्हणणे असेल, तर उबुंटू या विंडोजहून वेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमचा पेनड्राइव्ह लावून, डिस्कवर काहीही इन्स्टॉल न करता, लॅपटॉप त्यावरून सुरू करावा. टर्मिनलमध्ये ‘एलएसयूएसबी’ ही यूएसबी उपकरणांची यादी देणारी आज्ञा द्यावी आणि झाकण हलवत पुन्हा पुन्हा द्यावी. कॅमेऱ्याची ओळ येते आणि जाते. ‘डीमेसेज’ या आज्ञेने कर्नलच्या, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याच्या, नोंदी पाहिल्या तर तिथे ‘डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड/६४, एरर -७१’ अशा ओळी सापडतात. -७१ म्हणजे प्रोटोकॉल एरर, वाटेत सिग्नल बिघडल्याची नेहमीची खूण. या प्रयोगात विंडोज सुरूच झालेले नसते. उलट बाजूनेही ताळा जमतो: याच लॅपटॉपला बाहेरचा यूएसबी वेबकॅम लावला की तो त्याच विंडोजमध्ये, त्याच ॲपमध्ये, कुठल्याही कोनात बिनतक्रार चालतो. म्हणजे परवानग्या, कॅमेऱ्याचे चित्र ॲपपर्यंत पोचवणारी फ्रेम सर्व्हर ही सेवा आणि विंडोजचा यूएसबी व्हिडिओ ड्रायव्हर, सगळे ठीक आहे.

स्टोअरचे कारण निराळे आहे. ते उघडताना ‘०एक्स८००७२एफ८एफ’ हा कोड येतो. हा कोड सुरक्षित जोडणी न जुळल्याचा आहे आणि तो आला की पहिल्यांदा तारीख पाहायची असते. लॅपटॉप रात्रभर बंद ठेवून सकाळी सुरू केला की तारीख काही वर्षे मागे गेलेली असते. सर्व्हरच्या प्रमाणपत्रावर ते कधीपासून कधीपर्यंत वैध आहे हे लिहिलेले असते. लॅपटॉपच्या घड्याळानुसार ती वैधता सुरू होण्याचा दिवस अजून उगवलेलाच नसतो, म्हणून जोडणी नाकारली जाते. ब्राउझरही अशा वेळी घड्याळ मागे असल्याची तक्रार करतो. तारीख हाताने बरोबर लावली की स्टोअर लगेच उघडते, काहीही रीसेट न करता.

सर्व्हिस सेंटरने सुचवलेले ‘डब्ल्यूएसरीसेट’ (स्टोअरचा तात्पुरता साठा, म्हणजे कॅशे, पुसणारी आज्ञा), ॲपच्या ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधील ‘रिपेअर’ आणि ‘रीसेट’, हे सर्व करून झाले आहे. त्याने फरक पडला नाही, पडण्याचे कारणही नव्हते, कारण बिघाड कॅशेत नाही. विंडोज अपडेट आणि स्टोअरची इन्स्टॉल सर्व्हिसही बंद केलेल्या नाहीत. तसे असते तर ‘०एक्स८००७०४२२’ हा कोड आला असता.

इंटरनेट असताना घड्याळ आपोआप का सुधारत नाही, असे आपल्या प्रतिनिधीने विचारले. डोमेनबाहेरच्या, म्हणजे कार्यालयाच्या सामायिक व्यवस्थेत नसलेल्या, संगणकावर विंडोजची वेळ-सेवा ५४,००० सेकंदांपर्यंतचाच, म्हणजे १५ तासांचाच फरक स्वतःहून भरून काढते, अशी तिची मूळ मांडणी आहे. वर्षांचा फरक तिच्या आवाक्याबाहेरचा. आणि घड्याळ मुळात चुकते ते विंडोजच्या आधी: लॅपटॉप सुरू करताच बायॉसमध्ये शिरले तर तिथेही तीच जुनी तारीख दिसते. तेव्हा संशय मदरबोर्डवरच्या घड्याळाच्या सेलवर जातो. लॅपटॉपमध्ये हा सेल सहसा सीआर२०३२ प्रकारचा, दोन तारा आणि छोटा प्लग लावलेला असतो. त्याचा दाब ३ व्होल्ट हवा. मल्टिमीटरवर तो स्पष्टपणे कमी भरला तर सेल संपला. पूर्ण भरला तर प्लग किंवा घड्याळाचे सर्किट पाहावे लागेल. लॅपटॉप आम्ही उघडलेला नाही, त्याची सील शाबूत आहे, म्हणून हे मोजमाप आपणच करायचे आहे.

या दोन दोषांची एका जागी गाठ पडते आणि तिथे चूक कंपनीच्या धोरणाची आहे. या मॉडेलवर फंक्शन-की दाबून कॅमेऱ्याचा वीजपुरवठा तोडता येतो. ती सोय बंद आहे की चालू, हे दाखवणारे आणि बदलणारे आपले कंट्रोल ॲप फक्त स्टोअरमधूनच मिळते. आपल्या सपोर्ट पानावर त्याचा वेगळा इन्स्टॉलर नाही. स्टोअर बंद असलेल्या ग्राहकाला ‘ॲप अपडेट करून कॅमेरा तपासा’ असे फोनवर सांगणे म्हणजे कुलूपबंद कपाटाची किल्ली त्याच कपाटात ठेवण्यासारखे आहे.

म्हणून मागणी अशी. कॅमेऱ्याची केबल बदलावी. नुसते कॅमेरा मॉड्यूल बदलून भागणार नाही. सोबत बिजागरी किती ताठ आहे तेही पाहावे, नाहीतर नवी केबलही तिथेच पिळली जाईल. दुरुस्तीनंतरची चाचणी झाकण पूर्ण मागे नेऊन, कॅमेरा चालू ठेवून घ्यावी. टेबलावर ९० अंशांत उघडून ‘ओके’ लिहू नये. घड्याळाचा सेल मोजून बदलावा, आणि लॅपटॉप चार्जरविना रात्रभर बंद ठेवून दुसऱ्या दिवशी बायॉसमधली तारीख पाहावी. दोन्ही निष्कर्ष जॉबशीटवर शब्दांत लिहावेत. कंट्रोल ॲपचा ऑफलाइन इन्स्टॉलर सपोर्ट पानावर ठेवावा. तपासणी शुल्क म्हणून घेतलेली रक्कम परत करावी.

विंडोज रीसेट किंवा रिइन्स्टॉल आमच्या लेखी परवानगीशिवाय करू नये. ‘कीप माय फाइल्स’ निवडले तरी इन्स्टॉल केलेली सॉफ्टवेअर जातात, हे काउंटरवर कोणी सांगत नाही. मदरबोर्ड बदलण्याची किंवा बायॉस अपडेट करण्याची वेळ आलीच, तर आधी कळवावे. डिस्क एन्क्रिप्ट केलेली, म्हणजे सांकेतिक कुलूप लावलेली आहे आणि अशा बदलानंतर ती ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकते. एन्क्रिप्शन आधी तात्पुरते स्थगित करणे हे दोन मिनिटांचे काम आहे.

हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर आणि दुरुस्तीची तारीख कळवावी. तसे न झाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवली जाईल. त्यानंतर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार, वस्तूतील दोष आणि सेवेतील त्रुटी या दोन्ही कारणांसाठी, आम्ही राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दाद मागितली जाईल. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथे शुल्क नाही, आणि दोषाबद्दल वाद असेल तर आयोग वस्तू प्रयोगशाळेत तपासणीला पाठवू शकतो. वर लिहिलेले प्रयोग तिथेही करून दाखवता येतील.

कळावे,

आपला,
तक्रारदार ग्राहक

सोबत: (१) बिल व वॉरंटी कार्डाची प्रत (२) जॉबशीट व शुल्काच्या पावतीची प्रत (३) झाकणाच्या कोनानुसार कॅमेरा यादीतून जाता-येतानाचा व्हिडिओ, विंडोज व उबुंटू दोन्हींवर (४) बायॉसमधील चुकीच्या तारखेचा फोटो (५) दोन्ही एरर कोडचे स्क्रीनशॉट