मोटार बंद ठेवल्याबद्दल

वाडीच्या काकांना सप्रेम नमस्कार,

विहिरीवरची मोटार आणि पडवीतला दिवा रात्री आठ ते दहा बंद ठेवलात, म्हणून रातकिड्यांची मोजणी नीट झाली. मनापासून आभार. मोटारीच्या घरघरीत लांबचे किडे बुडून जातात.

त्याहून जास्त आभार तुमच्या प्रश्नाचे: ‘यांना ताल देतं कोण?’

कोणीच नाही. गातात फक्त नर, आणि तेही पाय घासून नव्हे. एका पंखाखाली करवतीसारखे दाते असतात, त्यांवर दुसऱ्या पंखाची कड घासते. कान पुढच्या पायांवर, गुडघ्याच्या जरा खाली. अमेरिकेतल्या एका झाडरातकिड्यावर कीटक-अभ्यासक टॉमस वॉकर यांनी १९६९ साली दाखवलं, की शेजारी पुढे गेला तर हा आपली उसंत आखडती घेतो आणि आपण पुढे असलो तर लांबवतो. थोड्याच वेळात ठोका जुळतो.

याला एकोपा म्हणू नका, ही चुरस आहे. काही जातींत मादी किंचित आधी वाजलेल्या आवाजाकडे जाते. म्हणून मागे पडायचं कोणालाच परवडत नाही, आणि त्या ओढाताणीतूनच ताल बसतो. ग्रीनफील्ड आणि रॉइझेन या संशोधकांनी १९९३ साली लांब मिशांच्या एका नाकतोड्यावर हेच मांडलं. कुंपणात सगळेच तालात नसतात, बरं का. अखंड किर्र लावणाऱ्यांना ठोकाच नसतो.

तुमच्या नातीला किर्र मोजून हवेचं तापमान ओळखायचं असेल तर तुटक गाणारा एकच किडा धरावा. पाच मिनिटं हलू नये, पावलाच्या हादऱ्यानं तो गप्प होतो. बॅटरीला लाल जिलेटिन कागद लावावा. आठ सेकंदांतल्या किर्र मोजाव्यात, असं पाच वेळा करून सरासरी काढावी. तापमापी कुंपणात, किड्याच्या उंचीवर टांगावी. भिंतीवर नको, दिवसभर तापलेली भिंत रात्रीही ऊब सोडते आणि आकडा फसवा येतो. किड्याच्या अंगाला स्वतःची ऊब नसते, हवा गार झाली की किर्र मंदावते. त्या अमेरिकी किड्याच्या आठ सेकंदांतल्या किर्रमध्ये ५ मिळवले की साधारण सेल्सिअस मिळतं. आपल्याकडच्या जातींना ते ५ लागू नाहीत. महिनाभर दोन्ही आकडे शेजारीशेजारी लिहून आपलं कोष्टक बनवावं लागेल.

तापमापी घाणेरीच्या जाळीत टांगलेलीच ठेवली आहे. मोटार आता खुशाल रात्री लावा.

आपले,
मोजणीवाले