सुट्टीचे घर देणाऱ्यांनी तिथे एकदा स्वयंपाक करून पाहावा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दिवाळीची सुट्टी तोंडावर आली आहे आणि कोकणातल्या घरांची आरक्षणे जोरात सुरू आहेत. हॉटेलात खोल्या घेण्याऐवजी स्वयंपाकघरासकट अख्खे घर चार दिवसांसाठी भाड्याने घेणाऱ्या कुटुंबांना नेमके काय लागते, ते घरमालकांपर्यंत पोहोचावे म्हणून हे पत्र लिहीत आहे. मी कराडची. कुंभार्ली घाट उतरून चिपळूण आणि पुढे गुहागर ही आमची वर्षानुवर्षांची वाट. गुहागर, वेळणेश्वर, हेदवी या पट्ट्यात आम्ही अशा घरांतून राहत आलो आहोत.

अशी घरे घेणारे लोक पैसे वाचवायला घेतात, असा मालकांचा समज दिसतो. काहींच्या बाबतीत ते खरेही असेल. आमचे कारण वेगळे आहे. माझ्या आठ वर्षांच्या नातवाला सीलिअ‍ॅक आहे. गहू, जव आणि त्यांच्यापासून झालेला कोणताही पदार्थ, मग तो मैदा असो, रवा असो की शेवया, त्याच्या आतड्याला इजा करतो. यावर औषध नाही, आयुष्यभराचे पथ्य हाच उपचार. सासूबाई चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत, त्यांना मीठ बेताचेच चालते आणि जेवणाची वेळ चुकली की साखर खाली जाते. हॉटेलच्या भटारखान्यात कोणी मुद्दाम निष्काळजीपणा करत नाही, पण ज्या परातीत पोळ्यांची कणीक मळली तिच्यातच भाकरी थापली, तर आमच्या पोराचे पोट पुढे कितीतरी दिवस दुखते. म्हणून आम्ही स्वयंपाकघर असलेले घर शोधतो. ज्यांच्याकडे तान्हे मूल आहे, ज्यांच्या घरी डायलिसिसचा रुग्ण आहे, ज्यांचे उपासतापास कडक आहेत, ते सगळे याच कारणाने शोधतात. आम्ही भाडे मोजतो ते मुख्यतः त्या ओट्याचे आणि चुलीचे.

गेल्या वर्षी गुहागर तालुक्यातल्या एका नव्या, देखण्या बंगल्यात उतरलो. जांभ्याच्या भिंती, मागे सुपारीची बाग, गच्चीवरून समुद्र. जाहिरातीत दहा माणसांसाठी पूर्ण सोयीचे स्वयंपाकघर असे लिहिलेले. ओट्यावर मायक्रोवेव्ह होता, टोस्टर होता, कॉफीचे यंत्र होते. गॅस नव्हता, इंडक्शनची एकच शेगडी होती. आणि कपाटातली भांडी सगळी ॲल्युमिनियमची. इंडक्शनवर ज्या भांड्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटते तेवढेच भांडे तापते. ॲल्युमिनियम तापत नाही, स्टीलचीही सगळी भांडी तापत नाहीत. ताटे सहा. पाच लिटरचा कुकर होता, पण त्याला शिट्टी नव्हती. सुरी अशी बोथट की टोमॅटो दाबला जायचा. परात नव्हती, पोळपाट होते पण लाटणे नव्हते, सांडशी नव्हती, चहाची गाळणी नव्हती. संध्याकाळी सहाला सगळे समुद्रावरून आले तेव्हा सासूबाईंना आधी काहीतरी खायला द्यायचे होते, आणि माझा मुलगा गाडी घेऊन बाजारपेठेत पातेले विकत आणायला गेला.

मालक फोनवर सौजन्याने बोलले. म्हणाले, "काकू, आमच्याकडे येणारे शक्यतो बाहेरच जेवतात, किंवा घरगुती डबा सांगतात." म्हणजे त्या ओट्यावर कोणी भात तरी रांधला होता का, याची त्यांना कल्पना नव्हती. घर सजवणाऱ्याने स्वयंपाकघर सजवले होते, आणि मालकांच्या घरातल्या कोणीही तिथे एक वेळचा स्वयंपाक करून पाहिला नव्हता. माझे सगळे म्हणणे या एका गोष्टीपाशी येते. घर लोकांना द्यायच्या आधी मालकांनी, शक्यतो घरात रोज रांधणाऱ्या माणसाने, तिथे मुक्काम करावा आणि जितकी माणसे जाहिरातीत लिहिली आहेत तितक्यांचा वरण, भात, भाजी, पोळी किंवा भाकरी असा पूर्ण स्वयंपाक करावा. नंतर भांडी घासून ती पालथी घालायला जागा आहे का, तेही पाहावे. एवढे केले की काय कमी आहे ते कोणाला सांगावे लागणार नाही.

भाकरीविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण मालकांचे इथेच सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. भाकरीला रुंद परात लागते. पीठ उकळत्या पाण्यात भिजवून तळहाताने चांगले मळावे लागते, आणि थापताना भाकरी गोल फिरायला जागा हवी. लोखंडी तवा लागतो. खरवडलेल्या नॉनस्टिक तव्यावर भाकरी चिकटते, शिवाय त्याचे निघालेले पापुद्रे पोटात जातात. आणि शेवटी ती फुगते विस्तवावर. तव्यावर दोन्ही बाजू शेकल्या की ज्योतीवर धरायची. इंडक्शनवर ज्योत नसते, तिथे तव्यातच कापडाने दाबून दाबून भाजत बसावे लागते आणि दहा माणसांसाठी ते होत नाही. इंडक्शन ठेवायला माझा विरोध नाही, दूध तापवायला, चहाला ते उत्तम आहे. पण वारा सुटला की कोकणात वीज जाते, आणि घरातला साधा इन्व्हर्टर इंडक्शनचा भार ओढत नाही. गॅसची दोन बर्नरची शेगडी ही पहिली गरज आहे, बाकी सगळे त्यानंतर.

सीलिअ‍ॅकसारख्या पथ्याच्या माणसांसाठी मालकांना फार खर्च नाही. लाकडी पोळपाट-लाटण्याच्या बारीक भेगांत गव्हाचे पीठ राहते, म्हणून एक स्टीलचा किंवा दगडी पोळपाट वेगळा ठेवावा. पीठ चाळायची चाळण कितीही धुतली तरी खात्री देता येत नाही, ती आम्ही घरूनच नेतो. शाळूचे पीठही घरघंटीवर दळून नेतो, कारण गावातल्या गिरणीत आधी गहू दळलेले असतात. मागच्या पाहुण्यांनी ठेवलेली, नाव नसलेली पिठे आणि मसाले डब्यांत तसेच ठेवू नयेत. बाजारातल्या पुष्कळशा हिंगात गव्हाचे पीठ मिसळलेले असते, हे बहुतेकांना माहीत नसते. पाहुण्यासाठी भरलेला मिसळणाचा डबा ठेवणाऱ्या मालकांचा हेतू चांगला असतो, पण आमच्यासारख्यांना रिकामा, धुतलेला, कोरडा डबा जास्त उपयोगाचा.

आता चांगला अनुभव लिहिते, कारण तो लिहिला नाही तर कोकणातल्या लोकांवर अन्याय होईल. वेळणेश्वरच्या बाजूला एका वाडीत मालकीणबाई स्वतः जवळच राहतात. त्यांच्या घराच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला आहे: कुकर दोन, एक तीन लिटर, एक साडेसात, रिंगा जास्तीच्या खणात, मिक्सरची भांडी तीन, विळी ओट्याखाली, नारळाची खवणी वेगळी. मासळी साफ करायला मागच्या पडवीत नळ, सिमेंटचा कट्टा, वेगळी सुरी, वेगळी पाटी आणि झाकणाची बादली. आम्ही मासे खातो. वेलदूरहून ताजे बांगडे किंवा कोळंबी आणली की ती घरातल्या सिंकमध्ये धुणे हे पुढच्या शाकाहारी पाहुण्यावर संकट असते, आणि त्या बाईंनी ते ओळखले होते. मी विचारले, "ताई, एवढे कसे सुचले?" त्या म्हणाल्या, "वहिनी, घर रिकामे असले की महिन्यातून एकदा आम्ही घरचे सगळे इथेच जेवतो. काय नाही ते लगेच कळते." त्यांनी नाचणीचे पीठ दिले ते घरच्या जात्यावरचे होते, आणि आधी त्या जात्यावर काय दळले होते, तेही न विचारता सांगितले. नातवाने त्या दिवशी कोकणातली भाकरी निर्धास्तपणे खाल्ली.

गॅसविषयी मात्र सगळ्याच मालकांना कळकळीने सांगायचे आहे. पाहुणा नवा असतो, त्याला त्या घरातला रेग्युलेटर, नळी, खिडक्या माहीत नसतात. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साठतो, म्हणून हवा जायला वाट खालच्या बाजूला हवी. नळीवरची मुदत पाहून ती बदलावी. सिलिंडर उभा असावा, जागा उघडी असावी आणि बंद कसा करायचा ते मोठ्या अक्षरांत मराठीत लिहिलेले असावे. भाड्याच्या धंद्यासाठी घरगुती 14.2 किलोचा सिलिंडर वापरणे नियमात बसत नाही, त्यासाठी 19 किलोचा व्यावसायिक असतो. भरलेला दुसरा सिलिंडर जवळ असावा, रात्री आठला भात अर्धा शिजलेला असताना गॅस संपला तर गावात तो कुठून आणायचा? आणि बंद न्हाणीघरात गॅसचा गीझर कृपा करून बसवू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. अशा न्हाणीघरांत माणसे दगावली आहेत. विजेचा किंवा सौर बंब बसवा, नाहीतर गीझर बाहेर मोकळ्या हवेत ठेवा.

स्वयंपाकघराबाहेरचे थोडक्यात. समुद्रावरून आलेल्या पोरांचे पाय धुवायला अंगणात नळ, ओले कपडे वाळत घालायला दोरी आणि चिमटे, निदान एका खोलीत कमोड आणि त्याशेजारी भिंतीला पक्का दांडा, खाट फार उंच नको. पिण्याचे पाणी विहिरीचे आहे की नळाचे, गाळलेले आहे की नाही, ते स्पष्ट सांगावे. जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र कुठे आहे, हे दारामागे लिहून ठेवावे, पावसाळ्यानंतर बागेत साप दिसतात म्हणून.

दुसरी बाजूही मला दिसते. घर घेणारे सगळे नीट वागतात असे नाही. हळदीने माखलेले ओटे, करपवलेली पातेली, फोडलेले पेले, गटारात टाकलेले मासळीचे टाकाऊ भाग, बाळांचे डायपर बागेत, हे सगळे मालकांच्या नशिबी येते. भांडी हरवतात म्हणून काही जण चांगली भांडी ठेवतच नाहीत. त्यांनी खुशाल अनामत घ्यावी, भांड्यांची यादी करून निघताना मोजून घ्यावी, आम्ही आनंदाने मोजून देऊ. आणि मालक मुंबईला किंवा पुण्याला असताना ज्या गावातल्या बाई येऊन घर झाडतात, चादरी धुतात, त्यांना प्रत्येक मुक्कामामागे नीट मोबदला द्यावा. घर कसे राहते ते बहुतांशी त्यांच्यावर अवलंबून असते, आणि काय तुटले, काय संपले हे सर्वांत आधी त्यांनाच समजते. त्यांना विचारा.

गावातल्या बचत गटांनाही यात काम आहे. तांदूळ, नाचणीचे पीठ, कुळथाचे पीठ, कोकमाचे आगळ, ताजे खोबरे, घरचा मसाला, हे पाहुण्याला आल्याबरोबर लागते. आम्ही कराडहून पोतडी भरून नेतो ती मिळेल की नाही या शंकेने. घरमालकाने आधी फोनवर यादी घेऊन ते सामान गटाकडून आणून ठेवले, वर त्यात काय काय घातले आहे ते चिठ्ठीवर लिहिले, तर पैसे गावातच राहतील. सोलकढीसाठी नारळाचे दूध काढायचे तर मिक्सर आणि स्वच्छ पंचा हवा, एवढी आठवण इथे करून देते.

पर्यटन खात्याकडेही एक मागणी आहे. सिंधुदुर्ग 1997 मध्ये पर्यटन जिल्हा जाहीर झाला, कोकण रेल्वे 1998 मध्ये पूर्ण सुरू झाली, आणि तेव्हापासून किनाऱ्यावर घरोघरी पाहुण्यांची सोय वाढत गेली. निवास व न्याहारी योजनेत खोल्या, स्वच्छतागृहे यांचा विचार होतो. ज्या घरांत पाहुणे स्वतः रांधणार आहेत त्यांच्यासाठी वेगळा रकाना असावा: शेगडी गॅसची की इंडक्शनची, बर्नर किती, सर्वांत मोठे पातेले किती लिटरचे, ताटवाट्या किती माणसांच्या, गीझर कोणता. घरमालकांनीही जाहिरातीत समुद्राच्या फोटोंबरोबर ओट्याखालचे उघडे खण आणि कपाटातली भांडी यांचा एक फोटो टाकावा. आरक्षण करताना मी आता फोनवर हेच विचारते. बरेच मालक उत्तर द्यायला स्वयंपाकघरात जाऊन पाहून येतात, आणि काही जणांनी आम्ही पोहोचेपर्यंत परात आणि तवा आणूनही ठेवला आहे.

आपली,
एक वाचक, कराड