तरुण भूकरमापक हवेत, तर त्यांना आधी बांधावर न्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भूमी अभिलेख खात्यात पस्तीस वर्षे जमीन मोजणीचे काम करून मी २०२५ च्या मे अखेरीस निमतानदार म्हणून निवृत्त झालो. पहिली मोजणी एखाद्या पक्षाला मान्य नसली, की पुन्हा जागेवर जाऊन ती तपासायची, हे निमतानदाराचे काम. त्यामुळे मोजणी कुठे चुकते आणि का चुकते, हे मी जवळून पाहिले आहे. मोजणीदार नवा आणि घाईत, हे कारण मला शेवटच्या काही वर्षांत फार वेळा दिसले. म्हणूनच सरकारी नोकरीत चांगली तरुण मुले येत नाहीत, आली तर टिकत नाहीत, हे वाक्य कानावर आले की मला राहवत नाही.

मुले येत नाहीत, हे खरे नाही. २०२३ मध्ये तलाठ्यांच्या ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. खुल्या वर्गासाठी फी एक हजार रुपये होती, तरी आले. पण ही गर्दी नोकरीसाठी असते. नोकरीत रोज काय करायचे असते, हे त्या मुलांना कोणी दाखवलेलेच नसते.

आमच्या भूकरमापकाचेच, म्हणजे जमीन मोजणाऱ्या कर्मचाऱ्याचेच पाहा. पदाचे पूर्ण नाव भूकरमापक तथा लिपिक. स्थापत्य अभियांत्रिकीची पदविका किंवा आयटीआयचा दोन वर्षांचा सर्वेक्षक अभ्यासक्रम ही पात्रता. इथपर्यंत ठीक. पण परीक्षा कशाची? मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि बौद्धिक चाचणी. दोनशे गुणांत मोजणीला एकही गुण नाही. ज्याला आयुष्यभर शेते मोजायची आहेत, त्याला समानार्थी शब्द विचारायचे, पण क्षेत्र कसे काढतोस हे विचारायचे नाही! साहजिकच पाच-सहा वर्षे अभ्यासिकेत बसून सगळ्या परीक्षांची एकत्र तयारी करणारा पुढे जातो आणि आयटीआयमध्ये हाताने काम शिकलेले पोर मागे राहते. वेळेचे तर विचारूच नका. मागच्या भरतीची जाहिरात डिसेंबर २०२१ ची, परीक्षा नोव्हेंबर २०२२ मध्ये. बाविशीतले पोर एवढे दिवस घरी बसून राहील का? ज्याच्या घरची चूल त्याच्यावर आहे, तो मिळेल त्या कामावर जातो.

त्या भरतीतून आमच्याकडे एक मुलगा आला होता. अभियंता, हुशार, वागायला चांगला. कार्यालयात आला तेव्हाच त्याच्या पिशवीत दुसऱ्या परीक्षेची पुस्तके होती. शेतावर गेलो की रोव्हर, म्हणजे उपग्रहाच्या मदतीने जागा दाखवणारे यंत्र लावायचे, बिंदू घ्यायचे आणि परत फिरायचे. शेतकऱ्याशी दोन शब्द बोलायला त्याला अवघड जायचे. एकदा बांधावर दोन्हीकडची माणसे हातघाईवर आली, तेव्हा तो गाडीपाशी जाऊन उभा राहिला. मी त्याला रागावलो नाही. भाऊबंदकी अंगावर आली तर मोजणीदाराने काय करायचे, हे त्याला कोणी शिकवले होते? आठ महिन्यांत दुसरीकडे निवड झाली आणि तो गेला. त्याच्यासाठी मला आनंदच झाला. पण त्याच्या नावावरची प्रकरणे पुन्हा गठ्ठ्यात गेली आणि फी भरून बसलेल्या शेतकऱ्यांना नवी तारीख मिळाली.

आता दुसरी गोष्ट. २०२४ मध्ये शासनाने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावीला सहा हजार, आयटीआय व पदविकेला आठ हजार, पदवीधराला दहा हजार रुपये विद्यावेतन. आमच्या कार्यालयात त्या योजनेतून सर्वेक्षकाचा कोर्स केलेली एक मुलगी आली. तिला आवक-जावकच्या टेबलावर बसवले होते. मी वरिष्ठांना विनंती केली आणि तिला माझ्याबरोबर शेतावर नेऊ लागलो.

दोन चुलतभावांचा बांधाचा वाद होता, निमताना मोजणी होती. आमच्याकडची जुनी टिपणे, म्हणजे शेताची मापे लिहिलेले कच्चे नकाशे, साखळी-आण्याच्या मापात असतात. साखळी तेहतीस फुटांची, तिचे सोळा आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा. हे तिला मी एसटीतून जातानाच सांगितले आणि उतरेपर्यंत ती टिपणावरची मापे फुटांत करून मोकळी झाली होती. शेतात रोव्हरने जो बिंदू दाखवला तिथे काहीच नव्हते, नुसती हरळी. जमलेली माणसे कुजबुजायला लागली. ती म्हणाली, "सर, दुसऱ्या बाजूने माप धरून बघू का?" टिपणातल्या विहिरीकडच्या रेषेवरून तिने टेप आणली, हातभर बाजूला खूण केली आणि खुरपे मागून घेतले. वीतभर उकरल्यावर खण्णकन आवाज आला. हद्दीचा दगड. दोन वर्षे एकमेकांच्या दारात न गेलेले ते दोघे भाऊ खाली बसून हातांनी माती बाजूला करायला लागले. थोरल्याची आई पुढे आली आणि म्हणाली, "मामंजी सांगायचं त्यो दगड ह्योच गं पोरी."

त्या दिवसापासून ती मुलगी स्वतःहून दप्तर काढून बसायची. गुणाकार बुक, आकारबंद, फाळणी, अशी जमिनीच्या मापांची आणि क्षेत्राची जुनी कागदपत्रे सगळी विचारून घ्यायची. पगाराचे कधी बोलली नाही. योजनेची मुदत सहा महिन्यांची, पुढे पाच महिने वाढली आणि संपली. आता ती रस्त्याच्या एका ठेकेदाराकडे यंत्र घेऊन उन्हात उभी असते.

मला एवढेच सांगायचे आहे, की शासनाला हवी ती मुले याच राज्यात, याच तालुक्यांत आहेत. मोठमोठे फलक लावून किंवा नोकरी किती सुरक्षित आहे हे सांगून ती येणार नाहीत. शिवाय १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना आमच्यासारखी जुनी पेन्शन योजना नाही, हे त्यांना चांगले ठाऊक आहे. सर्वेक्षकाच्या दुसऱ्या वर्षाची मुले वर्षातून काही महिने तालुक्याच्या कार्यालयात पाठवा, विद्यावेतन द्या आणि फायली शिवायला न बसवता शेतावर न्या. ज्याला उन्हातले काम आणि बांधावरची भांडणे नकोत, तो तिथेच ठरवील, यात त्याचेही भले आहे. ज्याला गोडी लागेल, त्याच्या त्या कामाला भरतीत गुण द्या. आणि परीक्षेत निदान निम्मे प्रश्न मोजणीचे ठेवा.

मी १९९० मध्ये लागलो तेव्हा पहिले दोन महिने नुसती साखळी ओढली. हाताला घट्टे पडले. पण माझ्या पुढे साखळी धरून चालणाऱ्या जुन्या मोजणीदाराने मला सांगितले होते, की माप चुकले तर पुढच्या दोन पिढ्या कोर्टात जातात. आज राज्यभर ७७ ठिकाणी संदर्भ केंद्रे उभी आहेत, त्यांच्या आधाराने रोव्हर काही सेकंदांत बिंदू देतो. काम कितीतरी सोपे झाले. पण नव्या मुलाच्या पुढे चालायला कोणी राहिलेले नाही. आमच्यासारखे निवृत्त लोक घरी बसून आहेत. महिन्यातले चार दिवस बोलावले तर मी तरी मानधन न घेता जाईन, आणि माझ्या ओळखीचे निदान तिघेजण येतील.

ऑक्टोबर २०२५ मध्ये भूकरमापकांच्या ९०३ जागांची जाहिरात आली. दिवाळीच्या तोंडावर त्या मुलीचा फोन आला. कामावरून सुटल्यावर ती अर्ज भरत बसली होती. तिने विचारले, "सर, अकरा महिने कार्यालयात काम केलंय, टिपण वाचता येतं, हे अर्जात कुठे लिहायचं?"

मी तिला म्हणालो, तसा रकाना नाही. पुढच्या जाहिरातीत तो असावा, यासाठी हे पत्र लिहिले आहे.

आपला,
एक निवृत्त निमतानदार,
सातारा जिल्हा